'नंतर' बटणास अनावृत पत्र

मा. 'नंतर आठवण करा' बटणसाहेब,
सा. न. वि. वि.

अपडेटची पाटी पडद्याच्या कोपऱ्यात उगवली की ऑफिसातले सगळे हात आपल्याकडेच वळतात. एवढा बिनविरोध पाठिंबा आमच्या नगरसेवकालाही मिळत नाही. म्हणून हे मानपत्र.

विंडोजची सुरक्षा अपडेटं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे अमेरिकेत सकाळ, इकडे रात्र. त्यामुळे आपली ड्युटी बुधवारपासून सुरू होते. वापरात असलेल्या फायली चालू विंडोजला बदलता येत नाहीत, म्हणून रीस्टार्ट हवा, असं जाणकार सांगतात. पण औषध आणून फडताळात ठेवलं की ताप उतरतो, अशी आमची श्रद्धा आहे.

आपल्या पंथाचं कार्य जगाने पाहिलंय. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. 12 मे रोजी त्याच भगदाडातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस शिरला आणि ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मधले जवळजवळ 2 महिने असंख्य संगणकांवर ते अपडेट बसलंच नव्हतं.

आपले काही भक्त रोज संध्याकाळी 'शट डाउन' करून निर्धास्त घरी जातात. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर सिस्टिमचा गाभा डिस्कवर तसाच जपला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उठतो, हे त्यांना कुणी सांगू नये. लिनक्सवाले स्वतःला या सगळ्यापलीकडचे समजतात. नवा कर्नल सहसा रीबूटनंतरच कामाला लागतो, हे त्यांनाही कळवू नये.

आपली खरी करामत मात्र शेवटी दिसते. मुदत संपते, संगणक स्वतःच मुहूर्त काढतो आणि तो नेमका मार्चअखेरीला निघतो. मग आम्ही कंपनीला शिव्या घालतो. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स', म्हणजे कामाच्या वेळा, लावायची सोय सेटिंग्जमध्ये असते, पण तिकडे फिरकायलाही आम्ही 'नंतर'च म्हणतो.

तेव्हा साहेब, आता थोडी रजा घ्या. एखादं अपडेटच सदोष निघतं, म्हणून दोन दिवस थांबणं समजू शकतो. महिनाभर थांबणं म्हणजे आळस. शुक्रवारी निघताना फायली सेव्ह कराव्यात, 'शट डाउन' नव्हे तर 'रीस्टार्ट' दाबावं आणि संगणक पुन्हा उठल्याचं पाहूनच घर गाठावं. वेळ आपण ठरवली नाही, तर ती संगणक ठरवतो.

कळावे, लोभ कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एक जुना आश्रित