मुंबई-पुणे-मुंबई, व्हाया कुडवा

मराठी चित्रपटमालिकांची समावेशकता मोजायला रेल्वेचे वेळापत्रक पुरते. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग २०१०, २०१५ आणि २०१८ मध्ये आले. आठ वर्षांत नायक-नायिकेची भेट झाली, लग्न झाले, पाळण्यापर्यंत मजल गेली; नावातली गाडी मात्र पुण्यापुढे सरकली नाही. त्याच काळात कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करत रोज गोंदियाला लागत होती. जनरलच्या डब्यात अख्खे राज्य कोंबलेले. परतीच्या गाडीमुळे हिचा दुसरा भागही आपोआपच निघतो, पण तिला निर्माता मिळालेला नाही.

२०२१ मध्ये हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’ने वेगळी वाट धरली. सुहास जोशींपासून सायली संजीवपर्यंत सगळ्या वयांच्या बाया घर मागे टाकून इंग्लंडला निघाल्या. २०२३ च्या दुसऱ्या भागात अकलूजची रिंकू राजगुरूही त्यांच्यात आली. ही प्रगती खरीच. सासू-सुनांनी एकमेकींना न रडवता पडदा व्यापणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि अशा सिनेमाची गोडी आस्तेआस्तेच लागते. मराठी बाई गोंदियाआधी इंग्लंडला पोहोचली, हा भूगोलाचा दोष.

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात ही गोडी टप्प्याटप्प्याने चढते. इथल्या पानठेल्यावर मराठी, हिंदी आणि पोवारी एकाच चुन्यात कालवलेल्या असतात. सिनेमातली सदाशिव पेठी मराठी त्यांच्यात चौथी. पहिल्या टप्प्यावर सिनेमात विदर्भाचे पात्रच नसते. दुसऱ्यावर ते हवालदार किंवा स्वयंपाकी होऊन येते आणि तोंड उघडताच हशा पिकतो. तिसऱ्यावर त्याला आडनाव मिळते. बोली मात्र या दोन्ही टप्प्यांवर वऱ्हाडीच. नागपूर ओलांडले की झाडीबोली लागते, ही बातमी संवादलेखकांपर्यंत जायची आहे. कुडव्याशी नाव जुळणारे कुडव हे धान्य मोजायचे जुने माप. तूर्तास समावेशकता त्याच्या तळाशी आहे.

उलट दिशेचे सामावणे केव्हाच होऊन गेले. दिवाळीनंतर धान निघाले, मंडईची जत्रा भरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, आणि झाडीपट्टीच्या त्या मंचावर पुण्या-मुंबईचे सिनेनट मानधन घेऊन उभे राहतात. पोस्टरवर त्यांचाच फोटो सगळ्यांत मोठा. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक घोंगडी, चादरी अंगाभोवती घेऊन बसतात. पाहुण्या नटाची बोली त्यांना परकी वाटते, पण तेवढ्यावरून कोणी हसत नाही.