ओमा आडनावाची मंडळी

विकृतिशास्त्रात गाठींचं बारसं करायची रीत तशी सोपी आहे. गाठ ज्या पेशींची, त्यांच्या नावापुढे ‘ओमा’ लावायचं. चरबीची ती लायपोमा, तंतूंची फायब्रोमा, कूर्चेची कॉन्ड्रोमा. ही सगळी सौम्य मंडळी. घातक निघाली आणि अस्तराच्या पेशींतून उगवलेली असली तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांतून उठलेली असली तर सार्कोमा. इथवर सारं शिस्तीत चालतं. पण नुसत्या आडनावावर विसंबून सोयरीक जमवणाऱ्यांची जी गत होते, ती इथेही होते. मेलॅनोमा, लिम्फोमा, मेसोथेलिओमा ही नावं ऐकायला लायपोमाची सख्खी भावंडं, आणि तिघंही घातक! उलट हेमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त. ट्यूबरक्युलोमा तर क्षयाची गाठ. मेंदूच्या स्कॅनमध्ये ट्यूमरचं सोंग घेऊन बसते आणि बहुधा औषधांनीच विरून जाते.

आमच्या आजोबांच्या मानेवर एक आवाळू होतं. शास्त्राच्या भाषेत लायपोमा, पण त्याला असं काही भारदस्त नाव असेल याची घरात कुणाला कल्पना नव्हती. न्हावी त्याला अदबीने वळसा घालून वस्तरा फिरवी. दुपारी आजोबा चहा घेत बसले की ते दाबून बघायची आम्हा नातवंडांना मुभा असे. बोटाखालून ते मऊसूत निसटायचं, आम्ही पुन्हा पकडायचो. “हळू रे, झोपलंय ते,” आजोबा म्हणत. हे निसटणंच त्याच्या सभ्यपणाची खूण होती, हे पुढे कळलं. सौम्य गाठ बहुधा आपल्या पातळ वेष्टणात राहते, सावकाश वाढते, शेजाऱ्यांना फार तर जरा सरकवते. त्यांच्यात घुसत नाही, आणि रक्तातून वा लसिकेतून दूरच्या अवयवात जाऊन नवा संसार तर मुळीच थाटत नाही. घातक पेशींना यातलं काही पाळवत नाही. एकीचा आकार दुसरीशी जुळत नाही, केंद्रकं फुगलेली नि गडद, आणि विभाजनाची घाई तर अशी, की उद्या उजाडणारच नाही.

बंगळुरूत होसूर रोडला निम्हान्स ही मेंदू आणि मनोविकारांची संस्था आणि किडवाई कर्करोग संस्था शेजारी-शेजारी नांदतात. निम्हान्समध्ये मेंदूंचं संग्रहालय आहे. शेकडो मेंदू तिथे जतन करून ठेवलेत. एखादा चक्क हातात घेऊन बघता येतो. तिथे उभं राहिलं की मला मेनिंजिओमाची दया येते. मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली तिला हे नाव दिलं. मेंदूच्या आवरणातून उगवणारी, बहुतेक वेळा सौम्य. पण कवटी तसूभर सरकत नाही. तिथे सभ्यपणे वाढणंही कुणाच्या तरी दृष्टीवर, चालण्यावर, आठवणींवर बेततं. सौम्यपणा हा गाठीचा गुण खरा, पण जागेनेही थोडी साथ द्यावी लागते.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी माणसं मला मनातून कवीच वाटतात. जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेल्या त्या पातळ कापांत, ऑलिगोडेंड्रोग्लिओमात त्यांना तळलेली अंडी दिसतात. बर्किट लिम्फोमा हा अतिशय वेगाने वाढणारा कर्करोग, आणि त्यात त्यांना दिसतं ते चांदण्यांनी भरलेलं आकाश. इतक्या भीषण गोष्टीकडे रोज बघायचं, तर एवढी मुभा त्यांना हवीच.

कधी कधी ही माणसं दिलेलं नाव परतही घेतात. थायरॉइडची वेष्टणात राहणारी एक गाठ कितीतरी वर्षं कार्सिनोमा म्हणून नोंदली जाई. शेजारी न घुसलेल्या अशा गाठींचे १०९ रुग्ण तज्ज्ञांनी निवडले. १० वर्षं आणि त्याहून अधिक काळ उलटूनही सगळे ठणठणीत होते. मग २०१६ साली तिचं नव्याने बारसं झालं: ‘नॉन-इन्व्हेजिव्ह फॉलिक्युलर थायरॉइड निओप्लाझम विथ पॅपिलरी-लाइक न्यूक्लिअर फीचर्स’. एखाद्या संस्थानिकाच्या बिरुदावलीएवढं हे नाव, सुटसुटीतपणाच्या नावाने शून्य. पण अहवाल हाती पडलेला माणूस एकेका शब्दाखाली बोट ठेवत शेवटपर्यंत जातो, उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचतो, आणि त्याला त्यात कार्सिनोमा कुठेच सापडत नाही.