नवं घ्यावं की जुनंच घासावं? नवनेमबाजांसाठी अत्यावश्यक मार्गदर्शिका

दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नवनेमबाजाला एक गोष्ट लख्ख कळते. आपले शॉट सातात आणि आठात जातात, याला जबाबदार पिस्तूल आहे. क्लबमध्ये त्याच्या वाट्याला आलेलं असतं अनेक हातांच्या घामानं काळवंडलेलं रशियन बायकल आयझेडएच-46एम. शेजारच्या लेनवर अकरावीतली एक मुलगी स्विस मोरिनी घेऊन उभी असते आणि तिचे दहा पडत असतात. कार्यकारणभाव इतका स्वच्छ असताना सरावात वेळ घालवण्याचं कारणच उरत नाही. सरळ खरेदीकडे वळावं.

खरेदीआधी संशोधन करावं लागतं. ते किमान एक हंगाम चाललं पाहिजे. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावं न अडखळता म्हणता आली पाहिजेत, विशेषतः फाइनवेर्कबाऊ. रात्री झोपताना दोन मॉडेलांच्या वजनातला वीस-तीस ग्रॅमचा फरक मनात घोळवावा. या काळात रेंजवर जाऊ नये, मत दूषित होतं.

प्रशिक्षकांना तर मुळीच विचारू नये. तो संवाद नेहमी असाच होतो:

"सर, मोरिनी घेऊ की स्टायर?"

"रोज होल्डिंग किती वेळ करतोस?"

"सर, मी पिस्तुलाचं विचारतोय."

"मीही पिस्तुलाचंच विचारतोय."

अशा माणसाकडून तांत्रिक मदत मिळणं अवघड.

आता महागड्या पिस्तुलात काय मिळतं ते पाहू, कारण मिळतं हे खरंच आहे. आयझेडएच-46एममध्ये प्रत्येक शॉटआधी नळीखालचा दांडा उघडून दाबावा लागतो, त्यातून एका शॉटची हवा भरते. स्पर्धेत सव्वा तासात साठ शॉट, शिवाय आधीचे नेम जुळवण्याचे. चाळिसाव्या शॉटनंतर दंडाला या दांड्याचं अस्तित्व नीट कळतं. नव्या पिस्तुलात 200 बार दाबानं भरलेलं सिलिंडर असतं. छर्रा ठेवा, बंद करा, उचला. स्टायरच्या एलपी10मध्ये धक्का शोषणारं, उलट दिशेनं सरकणारं छोटं वजन आहे. मोरिनीच्या सीएम 162 ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक, बॅटरीवर चालणारा. साइट, ट्रिगर, मूठ, सगळंच कणाकणानं हलवता येतं. नवशिक्याला याचा मोठा आधार असतो, कारण एक शॉट वाईट गेला की एक स्क्रू फिरवता येतो. दहा मीटरवर स्क्रू संपेपर्यंत स्वतःकडे बघण्याची वेळ येत नाही.

नेमकेपणाचं काय, असं कुणी विचारलंच तर पुढचा हिशोब त्याला दाखवू नये. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर धरा. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा 30 मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाऐवजी सात. पक्क्या शिकंज्यात धरलं तर म्हातारं आयझेडएचसुद्धा छर्ऱ्यामागून छर्रा दहात टाकतं. या एका मिलिमीटरची दुरुस्ती कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही, आणि असा सुटा भाग विकता आला असता तर तो कंपन्यांनी केव्हाच विकला असता.

महाग म्हणजे निर्धोक, हाही समज सांभाळून ठेवावा. फक्त 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकची आठवण काढू नये. तिथं पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या उत्तम प्रतीच्या पिस्तुलानं दगा दिला. दुरुस्तीत मिनिटांमागून मिनिटं गेली, ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. पुढे 2024 मध्ये पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं घेतली. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच त्याच पॅरिसमध्ये साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक प्रकारात रौप्य घेऊन गेला. ते पाहून अनेकांनी खिशात हात घालायला सुरुवात केली. त्याच्या दुसऱ्या हातातलं पिस्तूल मात्र साधं नव्हतं, आणि त्याहीपेक्षा तो हात साधा नव्हता, हे छायाचित्रात दिसत नाही.

पैशाचा विषय घरी काढताना "खर्च" हा शब्द टाळावा. "बाबा, याची रिसेल व्हॅल्यू चांगली असते," असं सुरू करावं. लाखाच्या वरचा आकडा शेवटी, चहा झाल्यावर. सिलिंडर भरायचा पंप, छर्रे, पेटी, सुटे सील यांचा उल्लेख दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा. सेकंडहँड घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी पाहावी. कंपन्या त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेला गेलात तर तुमचीच पंचाईत. (हे वाक्य विनोदी नाही. मूठ उजव्या हाताची की डाव्या, हेही तिथल्या तिथे बघा.)

पैसे मिळाले नाहीत, की दुसरा मार्ग आपोआप तात्त्विकदृष्ट्या श्रेष्ठ ठरतो: आहे तेच पिस्तूल घडवायचं.

इथे नवनेमबाज पहिला हात ट्रिगरच्या आतल्या भागांना घालतो. घालू नये. बाहेरचे स्क्रू कंपनीनं तुमच्यासाठीच ठेवलेत, आतले भाग ठेवलेले नाहीत. तिथं कानस लागली की पिस्तूल कधी सुटेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि रेंजवर त्याला विनोदबुद्धी म्हणत नाहीत. ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेललं पाहिजे, असा नियम आहे. नेमकं 500 वर आणून ठेवलेला ट्रिगर परीक्षकाच्या टेबलावर कधी 495चा होईल सांगता येत नाही, म्हणून शहाणी माणसं थोडं वर ठेवतात. अडाणी माणसं 480 वर ठेवून परीक्षकाशी तत्त्वचर्चा करतात.

खरं काम मुठीचं. दुसऱ्याच्या पायाची चप्पल घालून मॅरेथॉन पळण्यासारखं आहे क्लबच्या मुठीनं नेम धरणं. पळता येतं, पण सगळं लक्ष पायाकडे. मोरिनीचं नाव आधी झालं ते मुठींमुळे. दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्तुलांवरही त्यांच्या मुठी दिसतात. जर्मनीचे रिंक हाताची मापं घेऊन मूठ बनवून देतात. आपल्याकडे मात्र पॉलिश पेपर, गोल कानस आणि एम-सील.

कृती अशी. पिस्तूल रिकामं आहे ना, ते आधी दोनदा पाहावं. डोळे मिटून हात उचलावा, स्थिरावावा, मग डोळे उघडावेत. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर काहीही करू नका आणि कुणालाही सांगू नका. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर मूठ हाताला ढकलते आहे. तळहाताला खडू लावून मूठ धरा, मग सोडा. जिथं पांढरं उमटलं तिथं लाकूड लागतंय. जिथं कोरं राहिलं तिथं पोकळी. लागतंय तिथं दोन-चार हात पेपर फिरवा आणि थांबा. त्या दिवशी परत नको. अक्रोडाचं लाकूड एकदा गेलं की गेलं, एम-सील वाढवता येतं, पण ते हिरवट-राखाडी दिसतं आणि प्रत्येक जण विचारतो, "हे काय झालं?" पोकळीत एम-सील भरण्याआधी मुठीवर प्लास्टिकचा पातळ कागद धरून हात दाबावा, नाहीतर पिस्तूल हातालाच चिकटतं. ट्रिगरचं बोट मात्र लाकडाला कुठेही टेकता कामा नये. नव्वद टक्के मुठी इथेच अडतात आणि नव्वद टक्के लोक इथेच बघत नाहीत. हा आकडा माझा, कुठल्या अभ्यासाचा नाही.

आता एक गोष्ट जाता जाता सांगून टाकतो, कारण पुढच्या वर्षी ती ऐकून तुम्ही रागावाल. ते लाखाच्या वरचं पिस्तूल घरी आलं तरी त्याची मूठ कुणाच्या तरी सरासरी हाताची असते. स्मॉल, मीडियम, लार्ज. तीसुद्धा घासावीच लागते. म्हणजे "नवं की जुनं" हा वाद चालू असतानाच खडू, कानस आणि पॉलिश पेपर दोन्हीकडे उभे असतात. फरक एवढाच, की महाग लाकडावर पहिला ओरखडा मारताना हात कापतो. माझं मत विचाराल तर आधी जुन्यावर हात बसवून घ्या, मग नव्यावर कापा.

हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात 1938 साली हातबॉम्बनं निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सराव केला आणि 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्यानं पिस्तूल नव्हे, हात बदलला. हा पर्याय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

शेवटचा टप्पा स्पर्धेचा. पुण्याला बालेवाडीत किंवा जिथं असेल तिथं तुमचं पिस्तूल तपासणीला जातं. वजन दीड किलोच्या आत हवं. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला टेकता कामा नये, आणि हाताभोवती वेढाही घालू नये. मग ते 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत ठेवतात. लांबीचा प्रश्न नसतो. उंचीचाही बहुधा नसतो. आडवी रुंदी 50 मिलिमीटर, आणि तुम्ही महिनाभर थरावर थर चढवून तळहाताखालचा टेका बनवलाय. पेटीचं झाकण लागत नाही. परीक्षक तुमच्याकडे बघतात, तुम्ही मुठीकडे. अशा वेळी वाद घालू नये. पुढची बॅच सुरू व्हायला वीसेक मिनिटं असतात. 80 नंबरचा पेपर बॅगेत ठेवलेला असावा, आणि घासताना खाली वर्तमानपत्र.