करंटशेठ

“किती एएचची?”

हा करंटशेठचा रामराम. एएच म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप. पिकअप अजून नीट उभी राहिलेली नसते, बॅटरी हौद्यात गोणपाटाखाली असते, आणि प्रश्न येऊन पोचलेला असतो. “मोठी आहे, शेठ,” असं उत्तर दिलं की आणणाऱ्याची पत संपली.

“मोठी म्हैस असते. बॅटरी ६५ असती, १०० असती, १५० असती. जा, वाचून ये.”

मग तो पोरगा हौद्यात चढून, धुळीवरून थुंकी लावलेलं बोट फिरवून आकडा वाचतो, तेव्हा कुठे संभाषणाला सुरुवात होते.

करंटशेठ हे कुणा एकाचं नाव नाही. लोणीत एक आहे, पारगावात आहे, अवसरीत आहे, मंचरला तर दोन-चार निघतील. टोपी आणि चष्मा तेवढा वेगळा. पोटाचा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायची, दोन दिवसांनी भरून न्यायची. जीव मात्र बॅटरीत. ओळखायची खूण म्हणजे विजार. अ‍ॅसिडच्या शिंतोड्यांनी गुडघ्याखाली तिची चाळण झालेली असते. काकूंनी नवी विजार शिवणं केव्हाच सोडून दिलंय. लग्नकार्याची एक विजार कपाटात कुलपात असते आणि किल्ली काकूंकडे.

आता लोणीत एवढ्या बॅटऱ्या येतात कुठून, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आंबेगाव तालुक्याचा हा पूर्वेचा कोरडा पट्टा. डिंभे धरणाचं पाणी आम्हाला बहुतेक भाषणांतूनच भेटतं. पण पाणी नसलं म्हणून गाणी कमी नाहीत. उन्हाळा लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. यात्रा म्हटली की शर्यतीचा घाट आला, घाट आला की बैलगाडा आला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून बैल जेवढे जोरात पळतात, त्याहून जोरात त्यांना आणणाऱ्या पिकअप वाजतात. गाड्याची बारी काही सेकंदांत संपते, गाणी दिवसभर चालतात, तीही इंजिन बंद ठेवून, कारण डिझेल महाग. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर स्पीकर, जीपच्या मागच्या सीटखाली बूफर. शिवाय थ्री फेज लाईट रात्री येते तेव्हा पाणी धरायला जाणारा माणूस बिबट्या लांब राहावा म्हणून गाणी लावूनच रानात शिरतो. सकाळी सेल्फ मारला की ‘टक्’ असा एकच आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की गावाला करंटशेठ आठवतात.

शेठची तपासणी बघण्यासारखी असते. आधी झाकणं उघडतात. रबराचा फुगा दाबून काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढतात, नळी डोळ्यांसमोर धरतात, चष्मा कपाळावर जातो, श्वास रोखला जातो. नळीतला तरंगता काटा १.२८० वर असेल तर बॅटरी भरलेली. १.१५० वर असेल तर शेठ काटा बघायचा सोडून तुमच्याकडे बघतात. सहाच्या सहा घरांचं असं होतं. पाच घरं सारखी आणि एक खाली निघालं, तर “सेल गेला” एवढंच बोलून ते झाकणं लावायला लागतात. रडारड चालत नाही.

पाणी कमी दिसलं तर पुढचा प्रश्न येतो, “काय टाकलं होतं?” बोअरचं टाकलं असं ज्याने खरं सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी धामणीला खंडोबाला जाऊन यावं, कारण त्या दिवशी शेठच्या तोंडून जे निघतं ते धुऊन निघायला हवं. डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंग झाल्यावर. आधी टाकायचं ते फक्त प्लेटा बुडण्यापुरतं. चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बाहेर येतं. कुठे येतं, हे शेठ विजारीकडे बोट करून दाखवतात.

अ‍ॅम्पवरच्या स्टिकरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पोरगा अभिमानाने सांगतो, “५००० वॅट आहे, शेठ.” शेठ अ‍ॅम्प उलटा करून फ्यूज बघतात. ३०-३० चे दोन. “६० अ‍ॅम्पिअर गुणिले १३ व्होल्ट, झाले ७८०. त्यातले निम्मे उष्णतेत. तुझ्या बूफरला ४०० पोचले तरी पेढे वाट. बाकीचे ४६०० स्टिकर छापणाऱ्याच्या घरी वाजतात.”

खरा तमाशा मात्र लग्नसराईत. वरात सातची, पोरगा चारला येतो. १०० एएचची बॅटरी, निम्मी उतरलेली.

“शेठ, ५० वर लावा ना. तासात होईल.”

५० चा, म्हणजे बूस्टचा, खटका शेठच्या जुन्या चार्जरवर आहे. त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावलीय. तो बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारण्यापुरता. तेवढा करंट तासभर आत ढकलला की बॅटरी तापते, पाणी उडतं, प्लेटा वाकतात, आणि वर हायड्रोजन सुटतो. खोली बंद असेल आणि कुणी विडी पेटवली तर वरातीआधीच फटाके. हे सगळं शेठ एका वाक्यात सांगतात: “एएचचा दहावा हिस्सा. १०० ला १०. संपला विषय.”

“मग किती वेळ?”

“निम्मी रिकामी, म्हणजे पाच तास. वर दीड-दोन तास, कारण जेवढं घालशील तेवढं सगळं राहत नाही. रात्री अकरा.”

“अकराला नवरा झोपलेला असंल!”

“मग गाडी चालू ठेवून वाजव. सातला सुरू, दहाला लाउडस्पीकर बंद. २००० सालचा नियम आहे. दहानंतर कायदाच तुझी बॅटरी वाचवतो.”

एवढं झाल्यावर पोरगा बॅटरी उचलून दुसरीकडे नेतो, तिकडे ती ५० वर लागते, वरात दणक्यात होते. आठ दिवसांनी तीच बॅटरी पोट फुगवून शेठच्या दारात हजर. शेठ काही बोलत नाहीत. फुगलेल्या अंगावरून नुसता हात फिरवतात. हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

अलीकडे गाड्यांत नाना जातींच्या बॅटऱ्या आल्यात आणि शेठचा अभ्यास वाढलाय. साधी पाण्याची असेल तर १४.४ व्होल्टपर्यंत न्यायची, मग १३.६ च्या आसपास उतरवून नुसती धरून ठेवायची, म्हणजे फ्लोट. एजीएमला १४.७ पर्यंत चालतं. जेलला १४.१ च्या आसपास थांबायचं, नाहीतर आतल्या जेलमध्ये बुडबुडे अडकतात आणि तिथे वरून पाणी घालायची सोय नाही. लिथियमला चार्जरवरचं रिपेअरचं बटण चुकूनही दाबायचं नाही. ते बटण शिशाच्या प्लेटांवरची पांढरी साय झटकायला असतं. आणि वैशाख असेल तर शिशाच्या सगळ्याच जातींना पाव व्होल्ट कमी, कारण तापलेली बॅटरी जास्त करंट खाते. ही यादी शेठने पत्र्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलीय. पावसाळ्यात पुसते, दसऱ्याला नव्याने लिहिली जाते.

नवी बॅटरी जुनीच्या शेजारी जोडून आवाज वाढवायला निघालेल्यांवर त्यांचा खास राग. “एका गाड्याला एक नवा खोंड आणि एक दमलेला बैल जुंपशील का? नवा ओढतो आणि जुना त्याच्या जिवावर लोंबकळतो. सकाळी दोन्ही बसलेले.” बैलगाड्याच्या गावात हे उदाहरण दिल्यावर पुढे वाद होत नाही.

इतकी वर्षं काटे बघून बघून त्यांना माणसंही तशीच दिसायला लागलीत. सरपंचकीला पडलेल्या आबांबद्दल म्हणतात, “फ्लोटवर आहेत. काम नाही, पण धरून आहेत.” पुण्याहून शनिवारी येऊन रविवारी जाणारे सगळे चाकरमानी ‘बूस्टवाले’. भाषणात तापणारा कार्यकर्ता दिसला की, “व्होल्टेज आहे, एएच नाही.” गावाने ही भाषा उचलली आणि परवा एका स्थळाच्या बोलणीत मुलीच्या मामानेच विचारलं, “पोरगा दिसायला १२.६ आहे, पण लोड टाकल्यावर?” वरपक्षाला अर्थ लागायला जरा वेळ लागला.

गेल्या दिवाळीत मुलाने पुण्याहून ऑटोमॅटिक चार्जर आणला. जात निवडायची, तार लावायची, बाकी सगळं तो बघतो. भरली की हिरवा दिवा. शेठने त्यावर घडी केलेला टॉवेल टाकला आणि महिनाभर त्याला हात लावला नाही. मग एक दिवस मोटारी भरायचं काम साचलं म्हणून लावला. आता रोज लावतात, पण शेजारी स्टूल टाकून, हातात मीटर घेऊन बसतात. काकू म्हणतात, ऑटोमॅटिक आणून काय उपयोग झाला, पूर्वी निदान उठून जेवायला तरी यायचे.

हिरवा दिवा लागला तरी बॅटरी देत नाहीत. तार काढून दोन तास विसावा. नुकत्याच काढलेल्या बॅटरीचे आकडे फुगलेले असतात, विसाव्यानंतर १२.७ दिसले तरच ती भरली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी दारात पाच पिकअप उभ्या, आत दिवा हिरवा.

“शेठ, द्या ना. हिरवी लागली.”

“लागली ना? मग तिला म्हणावं बस जरा. मी चहा घेऊन येतो, मग बघू खरी का खोटी.”