वस्तऱ्याला धार कशी लावावी: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

पात्रता

हा छंद कोणालाही करता येतो. दाढी दाट असलीच पाहिजे अशी अट नाही. खात्यात शिल्लक मात्र असावी. उमेदवाराने झोलिंगेनचा किंवा शेफील्डचा एखादा जुना वस्तरा आधीच घेतलेला आहे, तो गालावर ओढतो आहे आणि "कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जा की" असे घरात म्हणून झालेले आहे, हे इथे गृहीत धरले आहे. सलूनमध्ये जाऊन उपयोग नाही. तिथे दादा ब्लेड मोडून अर्धे पाते वस्तऱ्यात सरकवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दुसरे घेतात. दगड कोणता वापरता, असे विचारले तर ते आरशातूनच तुमच्याकडे बघतील.

पायरी १: पट्टा घेण्याची घाई करू नये

वस्तरा ओढतो म्हणजे धार गेली आणि धार गेली म्हणजे दगड हवा, असा सरळ हिशेब नवशिक्याने मांडावा. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो पात्याला नमवतो. दाढी करताना केस वाकतो, धारेवर तिरका ताण येतो आणि पोलाद जिथे एकजिनसी नसते तिथून बारीक कपचा उडतो, असे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून धार नीट राखली तर दगडाची गाठ काही महिन्यांनी एकदाच पडते. ही गोष्ट नवशिक्याला कोणी सांगू नये; बाजार त्याच्यावरच चालतो.

पायरी २: दगड निवडावा, मग आणखी निवडावे

दगडाच्या नंबरावरून त्याचे कण किती बारीक ते कळते. जपानी मोजणीप्रमाणे १००० नंबरात कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचे, तर ८००० मध्ये सव्वा मायक्रॉनच्या आसपास. १००० वर धार बसते, ४००० वर तिचे ओरखडे पुसले जातात, ८००० वर वस्तरा दाढीजोगा होतो. इथे थांबता येते. म्हणूनच इथे कोणी थांबत नाही. १२००० चा घेतो.

त्यानंतर खाणीतले दगड. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोतिक्यूल गार्नेटच्या सूक्ष्म कणांमुळे कापतो. त्याचे थर इतके पातळ असतात की खाली पाटीच्या दगडाचा आधार चिकटवावा लागतो. जर्मनीतल्या थुरिंगियाचा एशर आता जुन्या बाजारातच मिळतो. मूळ लेबल शाबूत असेल तर किंमत चढते. लेबल धार लावत नाही, भाव लावते. क्योतोच्या परिसरातला जपानी दगड घेतला, तर त्यावर चोळून चिखल काढायला नागुरा नावाचा छोटा दगड वेगळा घ्यावा. खाणीतल्या दगडावर नंबर नसतो, त्यामुळे बिघडले तर दगड चुकला की हात, हे शेवटपर्यंत ठरत नाही. छंद टिकण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

सावधान: गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला वस्तरा देऊ नये. विळी-कात्रीला तो माणूस उत्तम. पण वस्तऱ्याचे पाते कागदासारखे पातळ. कोरड्या चाकावर तापले की पोलादाचे पाणी उतरते आणि पुन्हा घरी चढवता येत नाही.

पायरी ३: दगडाला दगड घासावा

वापरून पाण्याचा दगड मध्ये खोलगट होतो. पेन्सिलीने त्यावर चौकटी आखाव्यात आणि हिऱ्याच्या कणांची पट्टी रेघा पुसेपर्यंत घासावी. काचेवर पॉलिशपेपर ठेवूनही हेच काम होते, पण ते स्वस्त पडते.

पायरी ४: घासण्याची कृती

वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवाव्यात. कोन पाठच ठरवते. हाताने हुशारी करू नये. धार पुढे ठेवून ओढावे. बोटांच्या टोकांनी धरावे, जोर मुळीच देऊ नये. नीट पाहिले तर धारेपुढे पाण्याची बारीकशी लाट चाललेली दिसते. सुरुवातीला ती पात्याखाली शिरते. धार दगडाला सपशेल टेकली की तेच पाणी पात्यावर चढू लागते, टाचेपासून टोकापर्यंत सारखे. या खुणेसाठी पैसे पडत नाहीत, त्यामुळे नवशिक्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

पायरी ५: आता पट्टा

अडीच-तीन इंच रुंदीचा घ्यावा. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला चामडे. आधी कापडावर, मग चामड्यावर. दिशा दगडाच्या उलट: पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर कुशी बदलतो, धारेवर कधीच नाही. पट्टा ताणून धरावा. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा झोल पडला तर धार गोल होते. सिनेमातल्यासारखा फटाफट वेग आणल्यास पट्ट्याला काप जातो. म्हणून घोड्याच्या चामड्याचा महागडा कॉर्डोव्हान पहिल्यांदाच घ्यावा, म्हणजे हळहळ भरपूर होते. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट रोजच्या चामड्याला फासावी, आणि मग ती निघत नाही म्हणून दुसरा पट्टा घ्यावा.

पायरी ६: परीक्षा

सुटा केस मुळाशी धरून धारेवर अलगद टेकवावा. त्याचे दोन तुकडे व्हावेत. स्वतःच्या डोक्यावर शिल्लक नसेल तर बायकोकडे मागावा. कारण विचारले जाईल.

शंकासमाधान

प्रश्न: सगळे केले, तरी ओढतो.
उत्तर: जोर दिलात. किंवा अजून एक दगड घ्या.

प्रश्न: एकच वस्तू घ्यायची झाली तर?
उत्तर: साधा पट्टा. वस्तरा एकदा जाणकाराकडून धार लावून आणावा आणि दाढीआधी दर वेळी पट्ट्यावर वीस-तीसदा कापड, पन्नासेकदा चामडे, हलक्या हाताने फिरवावा. महिनोन्‌महिने दगड लागत नाही. मात्र असे करणाऱ्याने आपल्याला छंद आहे असे सांगत फिरू नये. याला नुसती दाढी म्हणतात.