साहेबाची ओल

पाण्याने भिजलेल्या वस्तूंसाठी इंग्रजीत असलेली विशेषणे पाण्याच्या प्रमाणानुसार चढत्या क्रमाने लावता येतात, असा समज शालेय व्याकरणांनी रुजवला आहे. मॉइस्ट म्हणजे जेमतेम ओलसर, डॅम्प त्याहून थोडे अधिक, वेट म्हणजे सरळ ओले, सोक्ड म्हणजे आतपर्यंत भिजलेले आणि ड्रेंच्ड म्हणजे नखशिखांत चिंब. शिडी दिसायला व्यवस्थित आहे, पण चढणारा दुसऱ्याच पायरीवर घसरतो. मॉइस्ट आणि डॅम्प यांच्यातला फरक पाण्याचा नसून मर्जीचा आहे. ओल हवीशी असेल तर मॉइस्ट, नकोशी असेल तर डॅम्प. केक मॉइस्ट असतो, कुंडीतली माती मॉइस्ट असते. भिंत, मोजे आणि पाहुण्यासाठी काढलेली गादी डॅम्प असते. डॅम्प केक वाढणाऱ्या घरी लोक पुन्हा जात नाहीत.

इतकी मर्जी असूनही मॉइस्टच्या नशिबी सुख नाही. अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पॉल थिबोडो यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचांतल्या जवळपास एकाला हा शब्द ऐकवत नसल्याचे आढळले. दोष उच्चाराचा म्हणावा, तर हॉइस्ट आणि फॉइस्ट हे त्याचे सख्खे यमकबंधू त्याच लोकांना मुळीच खटकत नव्हते. खटकत होती ती शब्दामागून येणारी शरीरातल्या नाना स्रावांची आठवण. केकवाले अजून तोच शब्द वापरतात, कारण पर्याय डॅम्प आहे.

डॅम्पचा पूर्वेतिहास मात्र पाण्यापेक्षा वाफेचा आहे. इंग्लंडमधले खाणकामगार कोळशाच्या खाणीतल्या स्फोटक मिथेनला फायरडॅम्प म्हणत, आणि हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली बनवलेला सुरक्षादीप त्याच्याच धास्तीतून जन्मला. पुढे हा शब्द खाणीतून घरात आला. जुन्या ब्रिटिश घराच्या गिऱ्हाइकाला राइझिंग डॅम्प या दोन शब्दांइतके दुसरे काही घाबरवत नाही. जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून भिंतीत वर चढते. साधारण मीटरभर चढून ते थांबते. घराची किंमत खाली येते ती मात्र तिथे थांबेलच असे नाही. ब्रिटिशांनी या दुखण्याच्या नावाने १९७४ ते १९७८ अशी चार वर्षे दूरचित्रवाणीवर एक विनोदी मालिका चालवली. तिचा नायक कंजूष घरमालक होता, हे सांगायला नकोच.

सॉगी हे विशेषण अपेक्षाभंगाचे आहे. जे कुरकुरीत असायला हवे होते आणि राहिले नाही, ते सॉगी. चहात जास्त वेळ बुडवलेले बिस्किट सॉगी होते. नदी कधीच होत नाही, कारण नदीने कुरकुरीत राहण्याचे वचन दिलेले नसते. सॉडन त्याहून केविलवाणे: पाणी पिऊन जड झालेले, आता काही उपाय नाही असे. हे सीद या क्रियापदाचे जुने रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘उकडलेले’ असा होता. उकडलेले आणि भिजून लिबलिबीत झालेले यांत भेद करण्याची गरज इंग्रजी स्वयंपाकघरात फारशी पडली नसावी.

हवेकडे वळले की ह्युमिड हा वेधशाळेचा शब्द. त्याच्यासोबत टक्के येतात. मगी हा तक्रारीचा शब्द. त्याच्यासोबत सुस्कारा येतो. पंचवीस अंशांना ‘मगी’ म्हणून कॉलर सैल करणारा लंडनकर पाहिला की ऑक्टोबरातल्या मुंबईकराला स्वेटरची आठवण होते. क्लॅमी म्हणजे गार आणि चिकट. हे बहुधा तळहातांसाठी आणि तेही मुलाखतीच्या वेळी. डँक म्हणजे तळघरातली कुबट, अंधारी ओल. अमेरिकन तरुणांनी त्याचा अर्थ ‘झकास’ करून ठेवला आहे. त्यांना तळघर दाखवायला नेताना जपावे.

स्कॉटलंडचा ड्रीख या सर्वांत थोर. मुळात त्याचा अर्थ लांबलचक, कंटाळवाणा. पुढे तो अशा हवेला चिकटला, जिच्यात पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. ब्रिटिश शब्दसंपत्तीचे रहस्य इथे उलगडते. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी कुणी विशेषण शोधत बसले नव्हते. लोक बस, पंखे आणि नातेवाईक शोधत होते. विशेषणांना पाणी कमी आणि फुरसत जास्त लागते. चार थेंब, एक खिडकी आणि चहाची किटली एवढ्यावर ब्रिटिशांनी कोश भरला.

शेवटचा वर्ग माणसांचा. ब्रिटनमध्ये वेट म्हणजे कणा नसलेला, गुळमुळीत. मार्गारेट थॅचर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्या कठोर अर्थनीतीला बिचकणाऱ्या सहकाऱ्यांना वेट्स म्हणत. पाठीराखे ओघानेच ड्राइज. सप्टेंबर १९८१ मध्ये बाईंनी ओल काढायला घेतली. इयन गिल्मर यांना घरी पाठवले. जेम्स प्रायर यांची रवानगी उत्तर आयर्लंडला झाली, जिथे पाऊस लंडनपेक्षा जास्त पडतो.