आत दडलेल्या सुजेला खुलं पत्र

गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर

ए सुजे,

तुला ‘प्रिय’ म्हणणार नाही. नमस्कारही घालणार नाही.

मागे एकदा कापूस वेचताना आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. संध्याकाळपर्यंत टाच लाल झाली, तापली, फुगली, रात्रभर ठणकत राहिली. काटा निघाला आणि चार दिवसांत सगळं ओसरलं. ती सूज इमानी होती. आली, काम केलं, गेली. रोमच्या सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी याच चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. तुझ्याकडे यातली एकही नाही. माझ्या भावाच्या अंगात तू कित्येक वर्षं मुक्काम ठोकलास आणि एकदाही तोंड दाखवलं नाहीस. भित्री आहेस तू.

बाजरीच्या राखणीला माळ्यावर जागल्या बसतो, गोफणीनं पाखरं हाकलतो. पाखरं उडून गेली तरी जो गोफण फिरवतच राहतो आणि आपल्याच कणसांवर धोंडे मारतो, तो जागल्या म्हणजे तू. शरीरानं तुला राखणीला ठेवलं आणि तू रक्तवाहिन्यांची आतली भिंत सोलत बसलीस. त्या भिंतीत चरबी साचते, तू तिथं ठाण मांडतेस, एके दिवशी तो साका फुटतो आणि वर रक्ताची गाठ धरते. भावाचं तसंच झालं. वय 42, वाळूजच्या कारखान्यात तिसरी पाळी, पहाटे चारला छातीत कळ.

गावात सगळे म्हणाले, “इतका सडपातळ माणूस, त्याला कसा झटका आला?” तुझा सगळ्यात मोठा आडोसा हाच आहे. आम्ही तुला जाड माणसांत शोधतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांच्यात 21.2. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, अशी आमची घडण. ती पोटातली चरबी गप्प पडून राहत नाही. सुजेचे निरोप ती रक्तात सोडत राहते, ते यकृतापर्यंत पोचतात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. आज तुझा माग काढायला तेच उपयोगी पडतं. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर बरं, 3 च्या वर असेल तर हृदयाला धोका जास्त. भावाचं दुखणं निवल्यावर दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ते दोनदा तपासलं. दोन्ही वेळा 4 च्या वर. त्या कागदावर मी तुला पहिल्यांदा पाहिलं.

कोलेस्टेरॉलच्या मागे लपायची तुझी सवयही आता उघडी पडली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीचे निकाल 2017 साली आले. त्यांना दिलेल्या औषधानं कोलेस्टेरॉलला हात लावला नाही, फक्त तुला दाबलं. पुढचे झटके आणि पक्षाघात मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण त्या औषधानं जीवघेण्या जंतुसंसर्गाचा धोकाही वाढवला, म्हणून ते आमच्या कामाचं नाही. भावाच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील. बाकी तुझी रसद आम्ही घरातूनच तोडतो आहोत.

आधी त्याच्या झोपेचं सांगते. नोकरी सोडता येत नाही, त्या पगारावर घर चालतं. तिसऱ्या पाळीहून तो सकाळी यायचा आणि ऊन, कुकरच्या शिट्ट्या, मोबाइल, येणारं-जाणारं माणूस या सगळ्यात जेमतेम चार तास पडायचा. अपुऱ्या झोपेवर तू पोसतेस, हे मला आता कळलं. खोलीच्या खिडकीला मी दुहेरी गोधडी टांगली. मोबाइल माझ्याकडे राहतो. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, दुपारी तीनपर्यंत हाक मारू नका. तो आता सलग सात तास झोपतो.

मग डबा. रात्री दोनला कारखान्याच्या फाटकाबाहेरचा वडापाव, वर दोन चहा, चहात बुडवायला बिस्किटाचा पुडा. मैदा, साखर, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल. तुझ्यासाठी पान वाढून ठेवलेलं होतं. आता कामावर जायच्या आधी बाजरीची भाकरी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, आणि जवसाची चटणी. सोबत मूठभर शेंगदाणे. ही चटणी आजीच्या वेळी रोज पानात असायची. नंतर ती ‘गरिबाचं कालवण’ ठरली आणि आमच्याच हातानं आम्ही ती बाजूला सारली, याचा मला राग येतो. जवसात ओमेगा-3 असतं. भाकरी-भाजीतला चोथा आतड्यातले जीवाणू खातात आणि त्यातून अशी आम्लं तयार करतात जी आतड्याची भिंत धड ठेवतात आणि तुला आवरतात. मधुमेह असलेल्यांनी भाकरीही मोजूनच खावी, हे खरं. पण बिस्किटाच्या पुड्याशी तिची तुलना होत नाही.

चालणंही सुरू केलंय. भाऊ झोपून उठला की आम्ही कायगावच्या रस्त्यानं अर्धा तास झपाझप चालतो, आठवड्यातले पाच दिवस. ते होतात 150 मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना निदान तेवढी तरी सांगते. पहिल्या आठवड्यात तो दम लागून मैलाच्या दगडावर बसला होता. मी मुकाट्यानं बाजूला उभी राहिले. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि सूज शमवणारे निरोप सोडतात. म्हणजे पोटातल्या चरबीला मांड्या-पोटऱ्यांनी दिलेलं उत्तर. शिंप्याच्या टेपनं त्याची कंबर मोजली तेव्हा 96 सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 ही हद्द, बायकांसाठी 80. काल मोजली, 93.

आता आईचं. तुझ्याशी माझं खरं भांडण तिच्यावरूनच आहे. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि सकाळ-दुपार-रात्र हिरड्यांना चोळायची. वयाच्या बाराव्या वर्षापासून तिची ही मिश्री सुरू आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मिश्री चुलीवरच होते, तिला कोण अडवणार? तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. ते ती थुंकते, चूळ भरते, पुन्हा डबी उघडते. सडलेल्या हिरड्या म्हणजे तुझं उघडं दार, तिथून तू सगळ्या अंगात शिरतेस. हिरड्यांवर नीट उपचार झाले की रक्तातलं सीआरपी खाली येतं, असं अभ्यासांत दिसलंय. शिवाय मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर होतो. खेड्यापाड्यांत किती बायकांचे दात तू असे खाल्लेस आणि आम्ही म्हणत राहिलो, “म्हातारीची सवय आहे, असू दे.”

भाऊ आजारी पडला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून ती मिश्री लावत होती आणि रडत होती. ते मी विसरणार नाही.

अकरा दिवस झाले, डबी माझ्या ट्रंकेत आहे. सकाळी तिला कडुलिंबाची काडी देते. दंतवैद्याकडे एकदा नेलंय, सोमवारी पुन्हा न्यायचंय. पहिले तीन दिवस तिचं डोकं दुखलं, ती माझ्यावर ओरडली, जेवली नाही. आज संध्याकाळीही तिनं डबी मागितली. मी दिली नाही. “पोटच्या पोरीला दया नाही,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अजून ती जागी आहे, तिचा श्वास मला कळतो.

भावाचा डबा भरून झाला, तो पाळीला गेला. दहा वाजलेत. मलाही सात तास हवेत. दिवा घालवते आणि आईजवळ जाऊन पडते.

तुला घराबाहेर काढणारी,
गंगापूरची एक लेक